बँडकॅम्प : पैसा कलाकाराकडे, फाइल श्रोत्याकडे

इंटरनेटवर संगीत विकत घेण्याच्या अनेक सोयी आजवर आल्या आणि बंदही पडल्या. परंतु पैसे मोजणाऱ्या श्रोत्याच्या हाती कुलूप नसलेली, म्हणजे प्रत करण्यावर तांत्रिक बंदी नसलेली, खरीखुरी फाइल ठेवायची आणि त्या पैशांतला मोठा वाटा कलाकाराला किंवा त्याच्या छोट्या लेबलला, म्हणजे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीला, पोहोचवायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणारी सेवा म्हणून मी बँडकॅम्पचेच नाव सर्वांत आधी घेईन. ईथन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ती सुरू केली. तेव्हापासून तिची मूळ मांडणी फारशी बदललेली नाही आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे.

अल्बमचे पान उघडले की मुखपृष्ठ, गाण्यांची यादी आणि कलाकाराने स्वतः लिहिलेला मजकूर एकाच ठिकाणी दिसतो. कोणत्या वाद्यावर कोण होते, ध्वनिमुद्रण कोणी केले, मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा अखेरचा संस्कार) कोणाचे, ही जी माहिती स्ट्रीमिंगच्या जमान्यात जवळजवळ नाहीशी झाली आहे, ती इथे बहुतेक पानांवर सापडते. मुखपृष्ठाखाली ज्यांनी तो अल्बम विकत घेतला त्यांची छोटी चित्रे असतात. त्यांतल्या कोणी दोन ओळींचा अभिप्राय लिहिलेला असतो, कोणी आपले आवडते गाणे नोंदवलेले असते. त्या चित्रावर टिचकी मारली की त्या श्रोत्याचा सगळा संग्रह उघडतो. अनोळखी पण आपल्यासारख्याच आवडीच्या माणसाच्या संग्रहातून नवे संगीत सापडणे, हा शोधाचा मार्ग मला कोणत्याही यंत्राने सुचवलेल्या यादीपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

किंमत कलाकार किंवा लेबल ठरवते. पुष्कळ ठिकाणी ती केवळ किमान रक्कम असते आणि चौकटीत आपल्याला हवी तेवढी जास्त रक्कम लिहिता येते. काही कलाकार ही किमान रक्कम शून्यही ठेवतात. पैसे भरल्यावर डाउनलोडचे पान येते आणि तिथे एमपी३, फ्लॅक, एएसी, ऑग व्हॉर्बिस, अलॅक, वेव्ह किंवा एआयएफएफ यांपैकी हवा तो प्रकार निवडता येतो. एकदा एमपी३ घेतली म्हणून पुढे फ्लॅक घेता येत नाही असे नाही. संग्रहात जाऊन दुसऱ्या प्रकारात तोच अल्बम पुन्हा उतरवता येतो, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. संपूर्ण अल्बम एका झिप फाइलमध्ये मिळतो. नावे, क्रमांक आणि मुखपृष्ठ फाइलींमध्येच भरलेले असल्यामुळे ती फाइल कोणत्याही प्लेअरमध्ये टाकली तरी गाणी आपापल्या जागी नीट लागतात.

फ्लॅकविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या सेवेचा दर्जा त्यावरच जोखला पाहिजे. सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचा असतो व त्याला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. फ्लॅक हा आवाजातले काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार आहे. तो हे आकारमान साधारण निम्म्यावर किंवा त्याहून थोडे वर आणते, मात्र उलगडल्यावर मूळ आवाजातला एकही बिट बदललेला नसतो. बँडकॅम्प कलाकाराकडून वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक अशीच अखंड (आवाजातले काहीही न गाळलेली) फाइल घेते आणि बाकीचे सर्व प्रकार त्यावरून स्वतः तयार करते. ही पद्धत योग्य आहे; फक्त तिने एका गोष्टीची हमी मिळत नाही. एखाद्याने जुनी एमपी३ फाइल वेव्हमध्ये बदलून चढवली, तर वरवर पाहता ती अखंडच दिसेल. शंका आली तर फाइल स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचे चित्र, दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावी. चांगल्या ध्वनिमुद्रणात झांजांचा आवाज वर २० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत विरळ होत गेलेला दिसतो. १२८ किलोबिटच्या एमपी३वरून बनवलेल्या फाइलीत मात्र तो १६ किलोहर्ट्झच्या सुमारास पट्टीने कापावा तसा सरळ रेषेत तुटलेला असतो आणि वरचा सगळा भाग काळा राहतो. काही जुन्या ध्वनिमुद्रणांत वरचे स्वर मुळातच नसतात, त्यामुळे केवळ या एका खुणेवरून कलाकारावर ठपका ठेवू नये.

पैशांचा हिशेब उघड आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेते. गेल्या १२ महिन्यांतली विक्री ५००० डॉलरपर्यंत गेली की हा वाटा १० टक्क्यांवर येतो. तबकड्या, कॅसेट, कपडे यांसारख्या वस्तूंवर तो १० टक्केच आहे. पैसे हस्तांतरित करणाऱ्या कंपनीचे शुल्क यांखेरीज जाते आणि सगळे वजा होऊन सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकाराला किंवा लेबलला मिळते, तीही साधारण एक-दोन दिवसांत, असे कंपनी सांगते. स्ट्रीमिंगमध्ये याच्या उलट सर्वांची वर्गणी एका हंड्यात पडते आणि एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या प्रमाणात वाटली जाते. त्यामुळे मी महिनाभर एकाच अपरिचित गायिकेला ऐकले तरी माझी वर्गणी तिच्याकडे जात नाही. स्पॉटिफायने तर २०२४ पासून १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला त्या वाटपातून वगळले आहे. ज्या कलाकाराचे शंभरच श्रोते आहेत पण ते मनापासून ऐकणारे आहेत, त्याच्यासाठी बँडकॅम्पवर दहा डॉलरला विकला गेलेला एक अल्बम हा खराच आधार असतो.

छोट्या लेबलना या सेवेने जे दिले आहे त्याची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. लेबलला एकाच खात्यातून अनेक कलाकारांची पाने चालवता येतात, विक्रीचे आकडे पाहता येतात आणि संपूर्ण सूची एकत्र सवलतीत विकता येते. वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्डसारखे १९८० मध्ये सुरू झालेले लेबल आणि शेफिल्डमध्ये १९८९ मध्ये जन्मलेले वॉर्प यांचे संगीत जिथे मिळते, तिथेच एकट्याने खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा पहिला अल्बमही मिळतो, आणि दोघांच्या पानांची मांडणी सारखीच असते. तबकडी विकत घेतली तर तिच्याबरोबर डिजिटल प्रतही लगेच हाती येते. पार्सल पोहोचेपर्यंत ऐकण्यासाठी थांबावे लागत नाही. मात्र वस्तू पाठवण्याचे काम बहुधा लेबल किंवा कलाकार स्वतः करतो, आणि तबकडी परदेशातून मागवली तर टपालखर्च तिच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवून मागणी नोंदवावी.

१९९९ मध्ये गाण्यांच्या फाइली एकमेकांना फुकट देण्याची नॅपस्टर ही सेवा आली आणि २००१ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर ती बंद पडली. त्या दोन वर्षांत मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी लोकांची चोरी पाहिली. लोकांना हवे असलेले संगीत हवे तेव्हा, हव्या त्या यंत्रावर मिळत नव्हते, ही बाजू त्यांनी पुरेशी पाहिली नाही. पुढे कित्येक वर्षे विकत घेतलेल्या गाण्यांना डिजिटल कुलुपे लावली गेली आणि ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातल्या गाण्यांची कुलुपेही २००९ मध्येच पूर्णपणे गेली. बँडकॅम्पने सुरुवातीपासून कुलूप लावले नाही. विकत घेणाऱ्याने ती फाइल दुसऱ्याला देऊ नये म्हणून कोणताही तांत्रिक अडथळा इथे नाही, आणि तरीही लोक पैसे देतात, कित्येकदा मागितल्यापेक्षा जास्त देतात. गाण्याची फुकट प्रत शोधता शोधता काही जण आपल्या पानावर येतात आणि तिथे ते विकत घेतात, असे कंपनीनेच आपल्या नोंदींच्या आधारे एकदा सांगितले होते. मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही. संगीत दुसऱ्याला ऐकवावेसे वाटणे आणि ते करणाऱ्याला पैसे द्यावेसे वाटणे या एकाच माणसाच्या दोन इच्छा असू शकतात, आणि इथे दोन्हींना वाट आहे: अल्बमचा प्लेअर कोणत्याही पानावर लावता येतो, पूर्ण गाणे ऐकवता येते आणि विकत घेण्याचे बटणही तिथेच असते.

आता उणिवा. विकत न घेता पानावर ऐकू येणारा आवाज १२८ किलोबिटच्या एमपी३चा असतो. निवड करण्यासाठी तो पुरतो, पण त्यावरून ध्वनिमुद्रणाच्या दर्जाविषयी मत बनवू नये. शोध मुख्यतः कलाकारांनी स्वतः लावलेल्या संगीतप्रकाराच्या खुणांवर (टॅगवर) चालतो, आणि एखाद्याने आपल्या संगीताला दहा प्रकारांच्या खुणा लावल्या की त्या खुणांचा उपयोग सर्वांसाठीच कमी होतो. अतिलोकप्रिय कलाकारांपैकी अनेक जण इथे नाहीत, त्यामुळे ही सेवा स्ट्रीमिंगची संपूर्ण जागा घेईल असे समजू नये.

मला खरी काळजी वाटते ती मालकीची. सुमारे १४ वर्षे स्वतंत्र राहिलेली ही कंपनी मार्च २०२२ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने घेतली आणि २०२३ मध्ये संगीताचे परवाने देणाऱ्या सॉन्गट्रॅडर कंपनीला विकली. त्या दुसऱ्या व्यवहारात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना नव्या मालकाने कामावर घेतलेच नाही. कर्मचाऱ्यांनी त्याच वर्षी संघटना स्थापन केली होती. संगीताविषयी जाणकारीने लिहिणारी आणि कलाकारांच्या अडचणी सोडवणारी माणसे हीच अशा सेवेची खरी पुंजी असते, त्यामुळे हा निर्णय मला दुखावणारा वाटला आणि आजही वाटतो. कलाकाराला मिळणारा वाटा त्यानंतर घटलेला नाही, हे तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

म्हणून माझी शिफारस अशी आहे : इथे जरूर खरेदी करावी, परंतु संग्रह केवळ त्यांच्या सर्व्हरवर आहे या भरवशावर राहू नये. अल्बम घेतला की त्याच दिवशी फ्लॅक उतरवावा, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावा आणि फ्लॅकच्या प्रोग्राममधली तपासणी एकदा चालवावी. मूळ आवाजाची एमडी५ खूण (आवाजावरून काढलेला, पडताळणीसाठीचा आकडा) फाइलीतच साठवलेली असल्यामुळे डाउनलोड अर्धवट झाले असेल किंवा पुढे डिस्क बिघडून फाइल बदलली असेल, तर ते लगेच कळते. शक्य असल्यास खरेदी 'बँडकॅम्प फ्रायडे'ला करावी. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते, पण तो दिवस कॅलिफोर्नियाच्या वेळेनुसार मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजला जातो, तेव्हा पैसे भरण्याआधी आपले घड्याळ त्या वेळेशी ताडून पाहावे.