साडेतीन वर्षांची मुलगी, मऊ कॅरियर आणि माझी पाठ

आधी निकाल सांगते. तीन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी प्रवासात मऊ कॅरियर, म्हणजे मूल अंगाशी बांधून न्यायची पट्ट्यांची कापडी झोळी, न्यावं का? जरूर न्यावं. फक्त ते टॉडलर, म्हणजे चालत्या-पळत्या मुलाच्या, मापाचं हवं आणि पाठीवर घालायची तयारी हवी. तान्ह्या बाळाच्या वेळचं जुनं कॅरियर ताणून वापरायचा विचार असेल, तर तो खटाटोप करू नका.

आमची लेक चालते. चालते कसली, पळते. पण मग मध्येच तिचे पाय संपतात. कसलीही पूर्वसूचना नाही, भर रस्त्यात बसकण आणि वर हात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांप्रमाणे तीन वर्षांच्या मुलाचं सर्वसाधारण वजन 14 किलोंच्या आसपास असतं, चार वर्षांचं 16 च्या. आमची मध्ये कुठेतरी, 15. माझं वजन 56, म्हणजे कडेवर घेतलं की माझ्या वजनाच्या चौथ्या भागाहून जास्त ओझं एका बाजूला लटकतं. पाच मिनिटांत कंबर वाकडी होते आणि एक हात अडकतो तो वेगळाच. "एवढी घोडी झाली, चालू दे की तिला," असं सासूबाई म्हणतात. त्यांचं चुकत नाही, पण गाडी सुटायला दहा मिनिटं उरली असताना हे तत्त्व माझ्या कामाचं नाही.

आता मापाबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. बाळांच्या नेहमीच्या कॅरियरवर बरेचदा 20 किलोपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण ती कापडाची आणि बकलांची ताकद झाली. मूल त्यात नीट बसतं का, हा प्रश्न वेगळा. बसायच्या जागेचं कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत पोचायला हवं, म्हणजे मांड्यांना आधार मिळतो आणि गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर राहतात. माझ्या लेकीला जुन्या कॅरियरमध्ये बसवलं की कापड अर्ध्या मांडीवरच संपायचं. कड रुतायची, पाय सरळ खाली लोंबायचे, आणि ती मागून "टोचतंय, टोचतंय" करत राहायची. पाठीचं कापडही तिच्या बरगड्यांपर्यंतच यायचं, त्यामुळे ती मागे रेलली की मी पण मागे.

टॉडलर मापात हेच कापड रुंद आणि उंच असतं. ट्यूला कंपनीचं टॉडलर कॅरियर साधारण 11 ते 27 किलोंसाठी आहे, लिलेबेबी कंपनीचं कॅरीऑन 9 ते 27 साठी. माझ्याकडचं कोणत्या कंपनीचं ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमचा खांदा, तुमची उंची आणि तुमचं मूल माझ्यासारखं नसणार. शक्य असेल तर मुलाला आत बसवून, घालून बघूनच घ्या. रिकामं कॅरियर सगळ्यांनाच छान बसतं.

जास्त लक्ष कमरपट्ट्याकडे द्या. वजन खांद्यांवर येता कामा नये, ते कमरेच्या हाडांवर टेकलं पाहिजे. मी आधी पट्टा कचकचून आवळते, मग लेकीला खुर्चीवर किंवा बाकावर उभं करते, तिच्याकडे पाठ करून जरा वाकते आणि ती गळ्यात हात टाकून पाठुंगळी येते. कापड वर ओढायचं, एकेक खांदा घालायचा, पुढे वाकलेलं असतानाच पट्टे ओढायचे. शेवटी छातीवरचा आडवा पट्टा काखेच्या रेषेत लावायचा. तो गळ्याजवळ चढला तर घुसमट होते, खाली राहिला तर खांदे घसरतात. तान्ह्या बाळाला पाठीवर घ्यायला जी कसरत लागते, ती इथे नाही. मूल स्वतःच चढतं. हा मोठ्या मुलाचा सगळ्यात मोठा फायदा. मात्र पहिली तालीम घरी, पलंगाच्या कडेला उभं राहून करा आणि दुसरं कोणीतरी जवळ असू द्या.

पुढे, छातीशी, मी या वयात घेत नाही. तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागतं आणि पायऱ्या उतरताना पायाखालचं दिसत नाही. अपवाद फक्त तुडुंब गर्दीचा. कारण पाठीवरच्या मुलाचे हात काय करताहेत हे आपल्याला कळत नाही. दुकानातून बाहेर पडल्यावर माझ्या लेकीच्या हातात कीचेन सापडली होती, परत देऊन आले. तिचे बूट नेमके माझ्या मांड्यांवर आपटतात. चिखलातून चालून आली असेल तर आधी बूट काढा, नाहीतर पँटवर दोन्ही बाजूंना ठसे. आणि बुटक्या दारातून जाताना आपण नव्हे, तिनं वाकायचं असतं, हे आधी दोघींना पाठ व्हायला हवं.

झोपलेलं मूल जास्त जड लागतं, हे ज्यानं उचललंय त्याला सांगायला नको. डोकं एका बाजूला कलतं आणि आपली चाल तिरकी होते. त्यासाठी डोक्यावरून घ्यायची कापडी टोपी असते, तिच्या दोऱ्या खांद्याच्या पट्ट्यावरच्या बटणांना अडकवायच्या. कल्पना उत्तम. पण पाठीवरच्या मुलाची ती टोपी एकटीनं लावायची म्हणजे डोक्यामागे हात नेऊन अंदाजानं चाचपडणं आलं. माझ्याकडच्या दोऱ्या बोटभर तोकड्या आहेत, त्यामुळे हे काम नेहमी नवऱ्याचं. एकट्यानं मूल घेऊन फिरणाऱ्यांनी घेतानाच या दोऱ्यांची लांबी तपासावी.

सामानाचं गणित मात्र बदलतं. पाठ भरली की सॅक कुठे घेणार? कमरेची पाकीट-पिशवीही कॅरियरच्या पट्ट्यावर चढते. मी खांद्यावरून तिरकी छोटी पिशवी पुढे घेते आणि चाकांची बॅग ओढते, त्याहून जास्त जमत नाही. बाबागाडी इथे जिंकते: तिला पिशव्या टांगता येतात आणि मूल दोन तास झोपलं तरी आपली पाठ शाबूत. पायऱ्या, वाळू, दगडी फरसबंदी आणि रेल्वेचे दरवाजे आले की कॅरियर जिंकतं. दिवसभर सपाट, पक्क्या रस्त्यानं फिरायचं असेल तर मी आजही बाबागाडीच नेईन.

विमानात कॅरियर विमानाच्या दारापर्यंतच कामाचं. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची सीट लागते, त्यामुळे आत गेल्यावर ते काढून सीटखाली. अमेरिकेच्या नियमांत तर टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी लहान बाळालाही अशा कॅरियरमध्ये ठेवणं बसत नाही. मोटारीतही तेच: कॅरियर म्हणजे कार सीट नव्हे, त्यात मूल बांधून गाडीत बसू नका. सुरक्षा तपासणीत ते उतरवायला सांगू शकतात, म्हणून रांगेत मूल जागं आणि पायावर असलेलं बरं.

उकाड्यात पाठ भिजते. जाळीचं कापड घेतलं तरी भिजते, थोडी कमी. दोघींचा एकेक जादा टी-शर्ट हाताशी ठेवते.

कमरपट्टा नसलेला जपानी ओनबुहिमो हा प्रकारही मी मैत्रिणीकडून घेऊन वापरला. घडी अगदी लहान होते, पाठीवर घ्यायला झटपट, पण सगळा भार खांद्यांवर. गाडीतून उतरून हॉटेलच्या खोलीपर्यंत ठीक, त्यापुढे नाही. उलट टोक म्हणजे ट्रेकिंगचं, धातूच्या सांगाड्याचं कॅरियर. त्याचं स्वतःचंच वजन तीन किलोंच्या आसपास जातं आणि ते बॅगेत घडी होऊन मावत नाही. डोंगरात जाणार नसाल तर विचारच नको.

माझी लेक आता आमच्या टॉडलर कॅरियरमध्ये एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं बसते, पायांत परत बळ आलं की "खाली" म्हणते. इतक्याशा वापरासाठी नवं कोरं घेणं कोणाला जिवावर येईल, तर वापरलेलं घ्यायला हरकत नाही. रंग उडालेला, कापड मऊ पडलेलं चालेल. खांद्याचा पट्टा कापडाला जिथे जोडलाय ती शिवण बोटांनी ओढून बघा, बकल लावून जोरात हिसका द्या, आणि बकलावरचं सुरक्षेचं इलॅस्टिक (बकल चुकून सुटलं तरी पट्टा धरून ठेवणारं) जागेवर आहे का ते पाहा. शिवणीतून एक जरी धागा सुटून आलेला दिसला, तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.