बाल्डर्स गेट २ मधला सगळ्यात तगडा क्लास: केन्साई-मेज

२००० सालचा गेम, तरी माझ्या मते क्लासमध्ये (पात्राच्या प्रकारांत) केन्साई-मेजला तोड नाही, म्हणजे आधी केन्साई (शस्त्रात तरबेज योद्धा) आणि मग मेज (जादूगार). केन्साईला चिलखत चालत नाही, धनुष्यही नाही, पण दर ३ लेव्हलला नेम आणि डॅमेज दोन्हीत +१. मी ९व्या लेव्हलला ड्युअल केलं, म्हणजे केन्साई सोडून मेज झालो (हे फक्त माणूस जातीच्या पात्रालाच जमतं), मग मेजची १०वी येईपर्यंत म्हणजे तब्बल अडीच लाख एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळेपर्यंत तलवारीचं कसब बंद, पार्टीच्या (सोबत्यांच्या) मागे लपून स्पेल (मंत्र) टाकत बसायचं, जाम जीवावर येतं. पण एकदा ते परत आलं की अंगावर स्टोनस्किन (वार झेलणारा मंत्र), बाजूला मिरर इमेज (आपल्याच खोट्या प्रतिमा) आणि हातात कटाना (जपानी तलवार), थेट ड्रॅगनला भिडायचं! सॉर्सरर हा दुसरा जादूगार क्लासही भारी, स्पेल पाठ करायची भानगड नाही, पण स्पेलची निवड चुकली की चुकलीच.