बॅटरीवाल्या फवारणी पंपाले रॉकर स्विच लावू का टॉगल?

भाऊ, रॉकर म्हंजे दोन्ही बाजूनं दाबाचं चपटं बटन अन् टॉगल म्हंजे इकडून तिकडं पलटवाची दांडी. रेट पाहून ठरवू नको, दोन्ही शंभराच्या आतच भेटते. फरक आतमधी हाय. टॉगलमधी दांडीखाली स्प्रिंग रायते, दांडी मधातून पलटली का स्प्रिंग काँटॅक्टले (करंट जोडणाऱ्या पत्तीले) झटक्यानं फेकते, तू बोट कितीही हळू दाब, म्हणून ठिणगी कमी अन् काँटॅक्ट कमी जळते. रॉकरमधी पत्तीवर स्प्रिंगवाली पिन सरकते, तेही झटक्यानंच, पण बटनाच्या फटीतून औषधाचं पाणी आत जाते अन् पत्ती हिरवी पडते. टॉगलले वरून रबरी टोपी बसते, चिंता मिटली.

अन् स्विचवर २५० व्होल्ट ६ अँपिअर लिहिलं ते एसीसाठी, म्हंजे घरच्या लाइनीच्या करंटसाठी, त्यात करंट सेकंदाले १०० वेळा शून्यावर येते, ठिणगी आपोआप इझते. बॅटरीच्या डीसीत तसं होत नाही, म्हणून डीसीचा आकडा पाहूनच घे.

बसवाले टॉगल सोपा, १२ एमएमचं गोल छेद अन् नट. रॉकरले चौकोनी खाच लागते, तुया पंपात ते पहिलेच असन. टॉगलची दांडी मात्र पऱ्हाटीत अडकते, कधी कधी पंप मधातच बंद.

दाट पऱ्हाटीत फिरत असशीन तं रॉकरच राहू दे, फटीवर प्लास्टिक बांध. भाजीपाल्यात, मोकळ्यात मारतो तं टॉगल घे.