इंग्लंडच्या मरीनात हिवाळाभर बोटीवर राहिल्यानंतरचा अनुभव

बोटीवर हिवाळा काढण्याचा विचार करणारे बहुतेक जण आधी थंडीचा हिशेब करतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत वेस्ट मिडलँड्समधील एका मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या धक्क्यात, कालव्यांसाठी बांधलेल्या अरुंद नॅरोबोटीवर राहून कोल्हापूरला परतल्यावर माझे मत असे झाले आहे, की तिथे खरी झुंज ओलीशी असते. थंडीची सोय कोळसा आणि पैसा यांनी होते. ओलीचा बंदोबस्त मात्र रोजच्या शिस्तीनेच होतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून कोणी कामानिमित्त बर्मिंगहॅमच्या बाजूला जाणार असेल आणि महागड्या घरभाड्याला पर्याय म्हणून बोटीचा विचार करत असेल, तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नॅरोबोटीची रुंदी जेमतेम २.१ मीटर असते, कारण तिथल्या कालव्यांवरील जुनी लॉक्स, म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद, सुमारे सात फूट रुंदीची आहेत. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे आतले घर एका सरळ बोळासारखे लांबच लांब असते. तळाचा पत्रा साधारण १० मिलिमीटर, पाण्यातील बाजूंचा ६ आणि छताचा ४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला आतून फोमचा थर देऊन वर लाकडी पॅनेल बसवलेले असते. जिथे फोम पोहोचत नाही, म्हणजे खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, छताच्या झडपा आणि कपाटांचे मागचे कोपरे, तिथे आतल्या उबदार हवेतील बाष्प गार धातूला लागून थेंब धरते. दोन माणसांचा श्वास, आंघोळ, वाळत घातलेले कपडे यांत स्वयंपाकाच्या गॅसची भर पडते. एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रविवारी पांढऱ्या रश्शासाठी मटण शिजत ठेवले, की अर्ध्या तासात सर्व काचांवरून पाणी ओघळू लागे. त्यानंतर आम्ही झाकणाशिवाय काहीही शिजवले नाही आणि बाहेर दहिवर गोठलेले असले तरी स्वयंपाक होईपर्यंत एक खिडकी बोटभर उघडी ठेवली.

सर्वांत जास्त लक्ष गादीकडे द्यावे लागले. पलंग बोटीच्या बाजूला चिकटून असतो आणि गादीखालची प्लायवूडची फळी गार पडते. शरीराची ऊब गादीतून खाली उतरते आणि फळीवर पाणी होते. नोव्हेंबरच्या अखेरीस गादी उचलून पाहिली तेव्हा खालचे कापड हाताला ओले लागले आणि फळीवर काळे ठिपके दिसले. आपल्याकडे आषाढ-श्रावणात चामड्याच्या चपलांवर येते तीच ही बुरशी. फळी पुसून वाळवून तिच्यावर हवा खेळेल अशी जाड जाळी अंथरली आणि सकाळी उठल्याबरोबर गादी उभी करण्याचा नेम ठेवला. त्यानंतर ठिपके वाढले नाहीत.

ओल शोषणारे यंत्र घ्यावेच, पण ते निवडताना थोडा अभ्यास करावा. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या यंत्राच्या कॉइलवर गार हवेत बर्फ धरतो आणि त्याचे काम मंदावते. ओल शोषणारा पदार्थ तापवून चालणारे दुसऱ्या प्रकारचे यंत्र वीज जास्त घेते, परंतु थंड जागेत ते नीट काम करते आणि खोलीलाही थोडी ऊब देते. आम्ही दुसरे घेतले आणि त्याबद्दल पूर्ण समाधानी आहोत. मात्र पोंटूनवरील, म्हणजे बोट बांधण्याच्या तरंगत्या फलाटावरील, वीजजोडणी अनेकदा १६ अँपिअर किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे हे यंत्र, विजेची किटली आणि हीटर एकाच वेळी चालवता येत नाहीत.

उबेसाठी बिडाची शेगडी हे मला लाभलेले सर्वोत्तम साधन. कोल्हापूरच्या माणसाला बिडाच्या ओतकामाचे कौतुक असतेच. त्या शेगडीची जाड भिंत, आतल्या भट्टीच्या विटा, दाराच्या कडेची दोरीची गॅस्केट आणि खालून हवा देणारी झडप हे सारे पाहत बसावे असे आहे. रात्री राख झटकून, कोळसा भरून झडप जवळजवळ बंद केली की विस्तव पहाटेपर्यंत जगतो. हा हात बसायला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून घरगुती वापरासाठी साधा दगडी कोळसा विकण्यास बंदी आहे, म्हणून धूररहित कोळशाच्या पिशव्या आणाव्या लागतात. शेगडी बोटीच्या एका टोकाला आणि झोपण्याची खोली दुसऱ्या टोकाला असल्याने पुढे घाम आणि मागे हुडहुडी अशी स्थिती होते. शेगडीच्या उष्णतेवरच फिरणारा छोटा पंखा वर ठेवल्याने हा फरक बराच कमी झाला.

शेगडीमुळेच कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका संभवतो. ऊब बाहेर जाते म्हणून काही जण हवा येण्याची भोके कापडाने बुजवतात. ते कदापि करू नये. बोटीच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत चार वर्षे असते आणि त्याच्या तपासणीत ही भोके आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही पाहिले जातात.

गॅस घेताना लाल सिलिंडर, म्हणजे प्रोपेन, घ्यावा. निळ्या सिलिंडरमधील ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबतो आणि नेमक्या कडाक्याच्या सकाळी चहा अडतो. प्रोपेनला तशी अडचण येत नाही. पाण्याचा नळही पोंटूनवर गोठतो. आमच्या मरीनाने नळांना आवरण घातलेले नव्हते, म्हणून दहिवराचा अंदाज आला की आदल्या दिवशीच टाकी भरून घ्यावी लागे. गोठलेल्या लाकडी पोंटूनवर पाय घसरतो आणि त्या पाण्यात पडणे जिवावर बेतू शकते, म्हणून कोळशाची पिशवी अंधारात एकट्याने वाहू नये. डिसेंबरअखेरीस चारच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो.

या सगळ्यानंतरही मी बोटीची शिफारस करेन, पण ज्यांचा पूर्ण दिवस कामावर जातो त्यांना नाही. शेगडी विझून बोट दिवसभर गार राहिली की ओल घर करते. घरात कोणीतरी एक जण असेल तर बोट सुखाची होते, आणि गोठलेल्या पाण्यावरून चालणारी बदके खिडकीशी येतात तो आनंद कोणत्याही फ्लॅटमध्ये मिळत नाही.

बोट पाहायला शक्यतो जानेवारीत जावे, कारण जूनमध्ये प्रत्येक बोट कोरडीच दिसते. मालकाची परवानगी घेऊन गादी उचलावी आणि कपाटांचे मागचे कोपरे हाताने तपासावेत. मरीनाशी करार करताना जागा कायम राहण्यासाठीची आहे की केवळ हौशी वापराची, हे लेखी विचारून घ्यावे. दुसऱ्या प्रकारच्या जागेवर बोटीत एकमेव घर म्हणून राहता येत नाही आणि बँकेला द्यायला पत्ताही मिळत नाही.