ओरोसच्या नोकरीला डबा कोणता घ्यावा

सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला, नवीन रुजू झालेल्या माणसाने पहिल्या पगाराची वाट न बघता घ्यायची वस्तू म्हणजे चांगला डबा. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मुख्यालय ओरोसला वसवलं गेलं. त्यामुळे कार्यालयं इथे आणि माणसं कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याला, अशी रोजची ये-जा असते. सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, पण दिवस लांबला: सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५, आणि जेवायला एक ते दोनमध्ये फार तर अर्धा तास. म्हणजे सातला भरलेला डबा एकच्या पुढे उघडतो आणि खरकटा होऊन साडेसातला घरी पोचतो. बारा तासांची ड्युटी डब्याचीही असते. दुकानात तो याच हिशेबाने बघायला हवा.

बाजारात चार प्रकार मिळतात: साधा स्टीलचा कप्प्यांचा डबा, बाहेरून प्लास्टिक आणि आत स्टील असलेला ‘गरम राहणारा’ डबा, थर्मासच्या जातीचा व्हॅक्यूमचा डबा आणि विजेवर तापणारा इलेक्ट्रिक डबा. दुकानदार बहुतेक वेळा दुसरा पुढे करतो. कोकणातल्या जेवणासाठी तोच सगळ्यात अडचणीचा आहे.

याचं कारण आपल्या वाटणात आहे. अन्न ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, आणि अंगाला सुखावणारा कोमटपणा तर त्यांना फारच मानवतो. प्लास्टिकच्या आवरणाचा डबा तीन-चार तास बऱ्यापैकी ऊब धरतो, पुढे ती हळूहळू सोडतो. सातला उकळती भरलेली आमटी दहा-अकरापर्यंत गरम असते, मग एकपर्यंत नुसती कोमट पडून राहते. तूरडाळीचं साधं वरण हे एखाद वेळी सोसेल. ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलेली काळ्या वाटाण्याची उसळ मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात सोसत नाही. झाकण काढलं की आधी आंबूस वास येतो आणि चमचा उचलला की रसाला तार सुटते. तार दिसली की ते पोटात घालू नका, ‘थोडंच तर आहे’ म्हणूनसुद्धा नाही. तेव्हा नियम असा ठेवा: डबा एकतर खरोखर गरम राहू द्या, नाहीतर पूर्ण निववून भरा. मधला कोमट डबा नको.

निववून भरायचं ठरलं तर साधा स्टीलचा डबा सगळ्यात भरवशाचा. तीन कप्पे पुरतात. मोठ्या माणसाच्या एका जेवणाला सगळे मिळून ९०० मिली ते एक लिटर जागा लागते: भाताला ४०० च्या आसपास, उसळ-आमटीला २५०, बाकीचा भाकरी-चपातीला. कप्पे एकावर एक रचून बाजूने कड्या लागतात तो डबा घ्या, पण प्रत्येक कप्प्याला स्वतःचं, रबराची रिंग असलेलं झाकण हवं. नुसते कप्पे एकमेकांत बसणाऱ्या जुन्या घाटाच्या डब्यात कोरडी भाजी ठीक राहते. रसा मात्र एसटीच्या पहिल्या खड्ड्याला कडेने झिरपतो आणि पिशवीच्या तळाशी पिवळी चकती उमटते.

दुकानात एवढं करा. कप्प्यात पाणी भरून मागा, झाकण लावा, उलटा धरा, चार झटके द्या आणि कागदावर मिनिटभर ठेवा. कागद ओला झाला तर डबा परत द्या, ‘रिंग बसली की गळायचं थांबतं’ हे ऐकून घेऊ नका. नंतर रिंग बोटाने काढून परत बसवून बघा. जी रिंग निघतच नाही ती धुताही येणार नाही.

स्टील कसलं आहे याला समुद्राच्या काठावर फार महत्त्व आहे. खाऱ्या हवेतला क्लोराइड, त्यात मिठाचं कालवण आणि कोकमाचा आंबटपणा, यांनी हलक्या स्टीलवर तपकिरी टिपके पडतात. सुरुवात नेहमी कडी जिथे डागलेली असते तिथून होते. त्याहीआधी कडीतली लोखंडी पिन गंजते आणि कडी वाजायला लागते. म्हणून पिनसुद्धा स्टीलचीच आहे ना, ते विचारा. ३०४ या जातीच्या स्टीलचा शिक्का असेल तर बरं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोहचुंबक लावून बघायची पद्धत अर्धवट आहे. चुंबक घट्ट चिकटला तर ते ३०४ नव्हे हे कळतं, पण न चिकटल्याने ते ३०४ आहे असं सिद्ध होत नाही, कारण २०० क्रमांकाच्या स्वस्त जातीलाही तो चिकटत नाही. ॲल्युमिनियमचा डबा कोकम-चिंचेच्या जेवणाला घेऊच नये.

आणि भांड्यावर नाव घालून घ्या. भांड्यांच्या दुकानात मशीन असतं, दोन मिनिटांचं काम. कार्यालयात एकाच घाटाचे पाच-सहा डबे एका टेबलावर येतात, झाकणांची अदलाबदल झाली की कुठलंच झाकण नीट बसत नाही. नाव कप्प्यावर आणि झाकणावर, दोन्हीकडे हवं.

आता भरण्याबद्दल. भात शिजला की परातीत पसरून पंख्याखाली १५-२० मिनिटं ठेवा, वाफ पूर्ण गेली की भरा. हे चोचले नाहीत. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष नंतर भात कितीही तापवला तरी जात नाही. उकड्या तांदळाचा भात दुपारपर्यंत मोकळा राहतो, म्हणून डब्याला तो बरा. पांढऱ्या तांदळाचा भात निवला की गोळा होतो.

तांदळाची भाकरी दुपारी कडक होते ही सगळ्यांची तक्रार. निवताना तांदळातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, त्याला डबा काही करू शकत नाही. पीठ कढत पाण्याने उकडून घ्या, चांगलं मळा, आणि भाकरी तव्यावरून उतरल्यावर वाफ मोडेपर्यंत सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. फडक्यासकटच कप्प्यात घाला. गरम भाकरी सरळ स्टीलमध्ये कोंडली तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि वरची भाकरी भिजून खालची चिवट होते. घावणे याबाबतीत समंजस, एकला खाल्ले तरी मऊ असतात. कुळथाची पिठी न्यायची तर घरी जेवायला करता त्यापेक्षा पातळ ठेवा, निवल्यावर ती घट्ट होतेच.

सोलकढी डब्यातून नेऊ नये. नारळाचा रस उकाड्यात टिकत नाही. छोट्या बाटलीत आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, न्या, त्यात मीठ असतंच, आणि जेवताना पेलाभर पाण्यात चमचाभर घालून तिवळ करा. मिरची-कोथिंबीर चिरलेली वेगळी नेली तर सोन्याहून पिवळं. वाटणाची भाजी हवीच असेल तर एप्रिल-मेमध्ये ओल्या खोबऱ्याच्या जागी सुकं खोबरं भाजून घाला. सुका जवळा, फणसाची कोरडी भाजी, कडकडीत फोडणीची मुगाची उसळ हे निवलेल्या डब्यातही खुशाल चालतं.

ज्यांना जेवण गरमच लागतं त्यांनी सगळा डबा गरम ठेवण्याच्या नादी न लागता एक रुंद तोंडाचा, ४००-५०० मिलीचा व्हॅक्यूम थर्मास घ्यावा. त्यात फक्त आमटी, पिठी किंवा पेज न्यावी, भात-भाकरी साध्या डब्यात. आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओता, लगेच उकळती आमटी गळ्यापर्यंत भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो, कारण थोड्या आमटीत ऊबही थोडीच असते. घेतल्यावर सुट्टीच्या दिवशी परीक्षा करा: सातला उकळतं पाणी भरा, एकला उघडा. फुंकर मारून प्यावं लागलं तर पास. नुसतं सुखद कोमट निघालं तर तो ओल्या खोबऱ्याच्या आमटीच्या कामाचा नाही. थर्मास पडला, पोचा आला, की व्हॅक्यूम गेलंय का हे बघायला उकळतं पाणी भरून बाहेरून हात लावा. पाच मिनिटांत अंग गरम लागलं तर तो आता साधा डबा झाला. दुरुस्ती होत नाही.

इलेक्ट्रिक डब्याबद्दल कार्यालयात दोन तट असतात. वीज फार खातो हा आक्षेप खरा नाही. साधारण ६० वॅटचा डबा अर्धा तास लावला तर ०.०३ युनिट, महिन्याच्या बावीस दिवसांत पाऊण युनिटही होत नाही. चार डबे एकदम लावले तरी २४० वॅट, म्हणजे जेमतेम एक अँपिअर. धोका असतो तो ढिल्या सॉकेटचा आणि हलक्या एक्स्टेंशनचा. पिन सैल बसली की तिथे ठिणगी उडते, प्लास्टिक पिवळं पडून वितळतं. दमट हवेत डब्याच्या मागच्या पिनांवर काळपट थर येतो, तो कोरड्या फडक्याने आठवड्यातून एकदा पुसा, अर्थात वायर काढून. नवीन माणसाने लावण्याआधी विचारावं हे उत्तम. काही कार्यालयांत परवानगी नसते, काही ठिकाणी कोणतं सॉकेट कुणाचं हे ठरलेलं असतं. नवख्याने साहेबांच्या प्रिंटरचा प्लग काढून डबा लावला तर ती गोष्ट वर्षभर पुरते.

लावायचा तर १२.३० ला लावा, एकला काढा. भातावर दोन चमचे पाणी शिंपडा, नाहीतर कडा वाळतात. वरण, उसळ, बटाट्याची भाजी छान तापते. आंबोळी रबरासारखी होते, भाकरी एकीकडे ओली आणि एकीकडे कडक होते, तळलेल्या बांगड्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. बांगडा न्यायचा तर तो न तापवता खा, आणि टेबलावर कोण सोमवार-गुरुवार पाळतं, कुणाचा श्रावण आहे, ते आधी बघून बसा. हा डबा अन्न गरम करतो, टिकवत नाही. सकाळपासून कोमट राहून आंबलेलं अन्न तापवून चांगलं होणार नाही. पावसाळ्यात दुपारी वीज गेली तरी जेवण अडू नये, म्हणून त्यातला पदार्थ गारही खाता येईल असाच ठेवा.

रुजू झाल्यावरचा पहिला आठवडा मात्र कुठलाही डबा असो, कोरडंच न्या: चपाती, कोरडी भाजी, घावणे-चटणी. बेसिन कुठे, पिण्याचं पाणी कुठे, टेबलावर कितीजण बसतात, हे कळायला तेवढे दिवस लागतात. भाजी एका माणसापेक्षा वाटीभर जास्त ठेवा. इथे टेबलावर डबा उघडला की भाजी फिरते, आणि ‘घ्या हो, आज घरची फणसाची आहे’ म्हणताना पुढे करायला काहीतरी हवं.

बहुतेक डबे अडतात ते धुण्यात. जेवून झाल्यावर कार्यालयातच साध्या पाण्याने खळखळून घ्या आणि झाकण न लावता कप्पे उघडेच फडक्यात गुंडाळून ठेवा. खरकटा, ओला डबा बंद करून साडेसातपर्यंत ठेवला की वास रिंगेत शिरतो. घरी रिंग चमच्याच्या दांड्याने उचलून काढा. सुरीने काढू नका, चीर पडते आणि तिथूनच गळती सुरू होते. रिंगेखालच्या खोबणीत हळद आणि तेलाचा बुळबुळीत थर दिसेल, तो जुन्या टूथब्रशने काढा. आठवड्यातून एकदा रिंग कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, पूर्ण वाळवूनच परत बसवा. प्लास्टिकच्या आवरणाचा डबा घरात असेलच तर तो पाण्यात बुडवू नका. जोडातून पाणी आत शिरतं, हलवल्यावर खुळखुळ ऐकू येतं आणि मग तो वास जात नाही.

झाकण चिकटून बसलं तर ओढाताण नको. गरम पदार्थ झाकून निवला की आतला दाब कमी होतो आणि झाकण ओढलं जातं. वरून कोमट पाणी ओता, सुटेल. वाफेसाठी बारीक बटण असेल तर ते आधी उचला.

पिशवीचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर कापडी पिशवी सुकत नाही आणि आठवड्यात तिच्यावर बुरशीचे ठिपके येतात. आतून पुसता येईल अशी घ्या, त्यातही दोन घ्या, एक वाळत असताना दुसरी वापरायला. आणि डबा घेतानाच त्याच मापाच्या दोन जादा रिंगा मागून ठेवा. वर्षभराने रिंग ढिली पडते तेव्हा त्या मापाची सुटी मिळत नाही, आणि दोन रुपयांच्या वस्तूपायी चांगला डबा माळ्यावर जातो.