चरईतलं बिनपाटीचं वाद्यदुरुस्तीचं दुकान, बाबांचा बँजो आणि सहावी खुंटी

रिव्ह्यू उशिरा टाकतोय कारण बँजोच उशिरा हातात आला. 15 दिवस सांगून दुकानवाल्या काकांनी दोन महिने लावले, त्यामुळे एक स्टार तिथेच कट, बाकीचे चार का दिलेत ते सांगतो.

दुकान ठाणे वेस्टला चरईत आहे. पाटी नाही, दारात फुटलेल्या डग्ग्यांची रांग दिसली की तेच समजा. आत दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा, तिसरा आला की पहिल्याने बाहेर यायचं. बाईक आणू नका, पार्किंगच्या नादात अर्धा तास जातो, स्टेशनवरून चालत या सरळ.

मी गेलो आणि विचारलं, काका बँजो रिपेअर होईल का. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कुठला? बटणांचा की कातड्याचा?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. आपल्याकडे बँजो म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो, टेम्पोवर ठेवलेला, पिकअप लावून अँपला जोडलेला, एका हाताने बटणं दाबायची आणि दुसऱ्याने पिक मारायचं. पण हा मुळात बँजोच नाही. 1912 मध्ये जपानच्या नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाईपरायटरच्या बटणांवरून डोकं लढवून ताईशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, तेच फिरत फिरत आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, तिकडे बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात आणि आपल्या मंडळांत बँजो. कातड्याचा बँजो वेगळा, तो अमेरिकेतला, आणि त्याचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून जे बनवलं ते त्याचं पहिलं रूप. म्हणजे नाव एकाचं, अंग दुसऱ्याचं.

तर माझा बटणांचा. बाबा लालबागला चाळीतल्या बँजो पार्टीत वाजवायचे, 1982 चा संप झाला, मिल गेली, आम्ही कळव्याला आलो आणि बँजो माळ्यावर गेला. गेल्या वर्षी खाली काढला आणि अतिउत्साहात नवी मुंबईतल्या एका मोठ्या चकचकीत शोरूममध्ये नेला (नाव घेत नाही). त्यांनी गिटारच्या जाड तारा चढवल्या, ताणाने लाकडी पट्टी उचलली गेली, प्रत्येक बटणाला खरखर यायला लागली आणि वर मलाच सांगितलं की साहेब जुना माल आहे, सगळी बटणं बदलून टाका, नवीन सेट बसवू. नाही म्हटलं तेवढंच एक शहाणपण केलं मी.

काकांनी आधी त्या तारा काढल्या आणि बँजो तसाच उघडा पंधरवडाभर सोडून दिला. मला वाटलं टाळतायत. तर म्हणे लाकडाला श्वास घेऊ दे, ओढून ओढून दमलंय ते. शिकलेत मिरजेत, सतार-तंबोऱ्याच्या कामात, त्यामुळे घाई हा प्रकारच नाही. मग पातळ तारा, चार स्प्रिंगा नव्या, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) घासून बसवली आणि बटणं एकेक करून रॉकेलच्या फडक्याने पुसली. चाळीस वर्षांचं काळं गेलं आणि खाली आकडे निघाले. 1 2 3 4 असे, आणि वरच्या सप्तकाच्या आकड्यांवर टिंब.

आता इथे मला थांबायला लागलं. कारण बाबांची एक वही आहे घरी, दोनशे पानी, निळ्या शाईची, त्यात गाणी सारेगमने लिहिलेली नाहीत, नुसते आकडे. ओळीच्या ओळी आकडे, काहींवर टिंब. मला लहानपणापासून वाटायचं बाबांना सरगम येत नव्हती म्हणून हा जुगाड. जुगाड कसला, ताईशोगोतोची लिपीच ती आहे! जपानात आजही त्याची गाणी आकड्यांतच लिहितात आणि बटणांवर आकडे असतात. वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब तर भातखंडेंच्या स्वरलिपीतही आहे, त्यामुळे काकांना वही दाखवली तर ते एक सेकंद न अडखळता पहिली ओळ गुणगुणले, आरती होती. शोरूमवाल्याचं ऐकून बटणं बदलली असती तर वहीची किल्ली भंगारात गेली असती.

बरं, दुसऱ्या बँजोबद्दल. तो दुकानात वर टांगलाय, वसईकडच्या एका घरातून दुरुस्तीला आला आणि मालक परत फिरकलेच नाहीत म्हणे. मी म्हटलं हा काय, तर त्यांनी खाली काढला आणि म्हणाले, "मोज तारा." पाच. "आता खुंट्या मोज." सहा! मी दोनदा मोजल्या. तार पाच आणि खुंट्या सहा, एक नुसतीच फिरते, तिला कामच नाही.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. याला झिदर बँजो म्हणतात, आल्फ्रेड कॅमेयर नावाच्या अमेरिकनाने लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी पुढे आणलेला प्रकार. खुंट्या गिटारच्या बसवायचे, आणि गिटारच्या खुंट्या येतात तीन-तीनच्या जोडीने, म्हणून सहा. पाचवी आखूड तार साध्या बँजोवर दांडीच्या मधोमध बाहेर खुंटीला अडकवलेली असते, यात ती दांडीच्या आतल्या नळीतून जाते आणि पाचव्या पडद्यापाशी (पडदे म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) उंदरासारखी वर येते. मागून बंद असल्याने आवाजही जरा गोड, टणटण कमी.

त्याचं मूळ कातडं फाटलेलं होतं, तिकडे वासराचं लावायचे, काकांनी ढोलकीवाल्याकडून बकऱ्याचं आणलं, भिजवून ताणलं, सावलीत सुकवलं. ऑगस्टमध्ये मी गेलो तर कातडं उतरलेलं, आवाज भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. काका म्हणाले तबल्याचंही हेच होतं पावसाळ्यात, याच्यात निदान चावीने आवळता तरी येतं.

मला वाजवून बघू दिला, हे कुठल्या शोरूममध्ये होईल सांगा. नोटेशन वाचता येतं मला, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो त्यामुळे. 1855 साली बॉस्टनला छापलेलं ब्रिग्जचं बँजो शिकवणारं पुस्तक नेटवर फुकट मिळतं, ते उघडून बसलो. त्या काळी पडदेच नव्हते बँजोला, आपल्या सरोदसारखी सपाट दांडी, तारा आतड्याच्या आणि सूर आजच्यापेक्षा बराच खाली. उजवा हात वर ओढायचा नाही, नखाने खाली मारायचं आणि लगेच अंगठा आखूड तारेवर. गिटारवाल्या हाताला हे काही केल्या जमेना. मग काका मागून म्हणाले, अरे चिकारी समज तिला. आणि जमलं की, म्हणजे थोडंफार. सतारीच्या चिकारीसारखीच ती तार मधूनमधून एकच सूर धरून ठेवते, माझ्या बाबांच्या बँजोवरही सुराच्या तारा आहेतच बाजूला.

एक बोलायला हवं, त्या जुन्या पुस्तकांतली गाणी कुठून आली. गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करायचे त्या तमाशातून आली बरीचशी, शब्द वाचवत नाहीत. मी नुसती चाल घेतो.

झिदर बँजोच्या पेटीत कसर लागलेले छापील कागद पण आहेत, काही इंग्लंडचे काही अमेरिकेचे. काका फोटो काढू देतात, न्यायला देत नाहीत, बरोबरच आहे. त्यातल्या एका अमेरिकन मार्चने माझा रविवार खाल्ला. पानावर ए मेजर आणि त्यातल्या खुणांप्रमाणे बोटं ठेवली की निघतो सी मेजर. मला वाटलं तारा चुकीच्या लावल्यात, दुकानात तीनदा उतरवून लावल्या, घरी आलो तरी तेच डोक्यात, बायको म्हणाली झोपा आता. भानगड अशी की अमेरिकेत बँजो आधी खाली लावायचे, लिहायचे ए मध्ये, पुढे बँजो चढवून सी ला आणला पण लिहिण्याची सवय तशीच राहिली, आणि इंग्लंडवाले मात्र जसं वाजतं तसं सी मध्येच लिहायचे. हार्मोनियमवाल्यांसाठी सांगायचं तर कागदावर पांढरी सहा आणि कानाला पांढरी एक. म्हणून जुना कागद घेताना आधी तो कुठे छापलाय ते बघा.

आणि हे वाजायचं कसं ते ऐकायचं असेल तर वेस ऑसमन या अमेरिकन बँजोवाल्याची जुनी रेकॉर्डिंग शोधा. त्या काळच्या मेणाच्या सिलिंडरवर (तबकडीच्या आधीची रेकॉर्ड) बरीच वाद्यं दबून जायची, बँजोचा टोकदार आवाज मात्र नीट उतरायचा, म्हणून तो एवढा रेकॉर्ड झाला. खरखरीतून काय बोटं चालतात त्या माणसाची, बाप रे.

आता पैसे आणि कटकटी. माझे 1800 झाले, तारा धरून, पिकअपचं सोल्डरिंग त्यातच. शोरूमने बिघडवायचे 2200 घेतले होते. पावती नाही, वहीत नाव लिहितात. फोन उचलत नाहीत, वाजतो तो सापडतच नाही त्यांना पसाऱ्यात. गणपतीच्या आधी दीड महिना अजिबात जाऊ नका, पार्टीवाले ताटकळत उभे असतात आणि त्यांचं काम आधी होतं, माझे दोन महिने तसेच गेले. तेव्हा चिडलो होतो, पण बाबा असते तर तेही त्या रांगेत पुढेच उभे असते म्हणा.

सोमवारी बंद. टांगलेला बँजो विकत मागू नका, मी दोनदा विचारून बघितलं, मालक येतील म्हणतात. पण दुपारी गिऱ्हाईक नसताना गेलात तर खाली काढून देतात, फक्त ती सहावी खुंटी फिरवत बसू नका, त्यांना आवडत नाही.