उस्मानाबादी की बोअर संकर? बंदिस्त गोठ्यासाठी

मटणासाठी शेळ्या पाळायच्या म्हटलं की मंगळवेढा-सांगोल्याकडे हा प्रश्न निघतोच: आपली उस्मानाबादी ठेवावी, की दक्षिण आफ्रिकेच्या बोअर जातीचा संकर? मी तीन वर्षं दोन्ही एकाच गोठ्यात सांभाळल्या, म्हणून लिहितो.

अंगाने बोअर संकर पुढे, यात वाद नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने १९९३ मध्ये बोअर जात भारतात आणली, ती मांसासाठीच. सहा महिन्यांचं संकर बोकड उचलताना माझ्या कंबरेत कळ येते. त्याच वयाचं उस्मानाबादी काखेत मारून गोठाभर फिरता येतं.

माझा निर्णय झाला तो गव्हाणीतल्या चघळीवरून, म्हणजे खाऊन उरलेल्या चाऱ्यावरून. आमच्याकडे चारा म्हणजे मालदांडी ज्वारीचा कडबा. संकर शेळ्या पात निवडून खायच्या, धाट तसंच टाकायच्या. रोज सकाळी पाटीभर चघळ उकिरड्यावर. कुट्टी करून पाहिली, वर गुळाचं पाणी शिंपडलं, फरक थोडाच पडला. शेजारच्या दावणीला उस्मानाबादी तीच कुट्टी तळापर्यंत साफ करायच्या. कदाचित माझ्या संकर शेळ्यांना लहानपणापासून भरड्याची सवय लागली असेल, नाही म्हणत नाही. पण उन्हाळ्यात कडबा विकत घ्यायची वेळ आली की ती पाटी डोळ्यांत खुपायची. बोकडाने खाल्लेलं तेवढंच धरून हिशेब होत नाही, उकिरड्यावर गेलेला चाराही त्याच्याच नावावर मांडावा लागतो.

संकराचा फरा, म्हणजे मागची मांडी, भरदार निघतो, खाटकाला तो आवडतो. मात्र शेवटी शेवटी मका भरडा वाढवला की चरबी मांसात कमी आणि पोटात, गुर्द्याभोवती जास्त साठते. कोणत्याही शेळीचं असंच असतं. महागाची पेंड घालून ती चरबी कशाला वाढवायची? उस्मानाबादी वर्षाच्या आत विकलं तर मटण कोवळं आणि कमी चरबीचं मिळतं. काळ्या मसाल्यात मला तेच सरस लागलं, घरात यावर एकमत नाही. शिवाय जुळी करडं ही उस्मानाबादीची जुनी खूण.

माळशिरसकडे कालव्याखाली बारमाही मेथीघास असेल, तर बोअरचं रक्त जरूर घ्यावं, तिथे त्याचं चीज होईल. कोरडवाहू असाल तर सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून आधी पाच उस्मानाबादी आणा, दुसऱ्या वेताच्या, जुळी पाजणाऱ्या. बोअरचा बोकड नंतरही आणता येतो.